मेजरना सांगा, साहेबांना सांगा

मी स्वभावाने शांत आहे, असं सांगलीतली आमच्या ऑफिसची सगळी माणसं शपथेवर सांगतील. साताऱ्यात माझ्या घरी हे वाक्य कुणी उच्चारलं, तर माझ्या सासूबाई हातातलं काम बाजूला ठेवतील, खुर्ची ओढून बसतील आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतील. दोन्हीकडचं खरं आहे. सांगलीत मला शांत राहण्याचा पगार मिळत होता.

ट्रॅक्टर विकणारी आणि दुरुस्त करणारी आमची एजन्सी. मालक साताऱ्याचे, मुख्य ऑफिस तिथंच, एक शाखा पाटणला आणि एक सांगलीला. मी साताऱ्यात बिलिंगला होते. मग मालकांनी बढती दिली आणि सांगलीच्या शाखेचं ऑफिस सांभाळायला पाठवलं. "सहाच महिन्यांचा प्रश्न आहे," असं म्हणाले. ऑफिसातले सहा महिने कसे असतात हे नोकरी करणाऱ्याला सांगायला नको. बघता बघता दोन वर्षं झाली. विश्रामबागेत एका निवृत्त मास्तरांच्या माडीवर खोली घेऊन मी राहायचे, शनिवारी एसटीने साताऱ्याला जायचे आणि सोमवारी पहाटे परत निघायचे. घरी नवरा, सासूबाई आणि मुलगी. मी गेले तेव्हा मुलगी सातवीत होती. आता नववीत होती, आणि दहावीनंतर ती शिकायला पुण्याला जाणार हे तिने स्वतःच जाहीर करून टाकलं होतं. म्हणजे माझ्या हातात फार दिवस उरले नव्हते.

आधी ती फोनवर दिवसभराचं सगळं सांगायची. वर्गातली भांडणं, बाईंची नक्कल, डब्यातली भाजी कुणाला दिली ते. मग हळूहळू "हं", "बघू", "ठेवू का?" एवढ्यावर आली. दुसऱ्या वर्षी तर तिच्या मागण्या सासूबाईंच्या तोंडून यायला लागल्या. "तिला बूट पायजेत म्हणं." "तिला ती शिकवणी नको म्हणं." मी म्हणायचे, वयच तसं आहे. सगळ्याच आया असं म्हणतात, आणि त्यांना तेवढंच बरं वाटतं.

आता सांगलीतल्या दोन माणसांबद्दल सांगते, कारण माझं घरी जाणं त्यांच्यावर अडलं होतं.

पहिले आमचे साहेब, म्हणजे शाखेचे मॅनेजर. माझ्यापेक्षा वयाने लहान, एमबीए झालेले, सांगलीचेच. टेबलावर एक छोटं झाड ठेवायचे आणि त्याला पाणी घालताना त्याच्याशी बोलायचे. माणूस मनाने अगदी चांगला. चांगल्या माणसांचा त्रास वेगळाच असतो, त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

दुसरे मेजर. हे वर्कशॉपचे प्रमुख. फौजेत गाड्या दुरुस्त करण्याचं काम करून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पण आमच्या भागात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. उद्या खरोखरचा मेजर गावात आला तर त्याला काय म्हणायचं, हा प्रश्न अजून कुणाला पडलेला नाही. मिशा पिळलेल्या, बुटाला रोज पॉलिश, आणि कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर, "ड्यूटी."

या दोघांचं तसं बरं चाललं होतं. मग कंपनीने साहेबांना तीन दिवसांच्या ट्रेनिंगला महाबळेश्वरच्या एका हॉटेलात पाठवलं. तिथून ते दोन गोष्टी घेऊन आले. प्रत्येकासाठी स्ट्रॉबेरी जॅमची एक बाटली आणि इमोशनल इंटेलिजन्स. जॅम आठवड्यात संपला.

दुसऱ्याच दिवसापासून सकाळी काम सुरू करण्याआधी सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि आज कसं वाटतंय ते एकेकाने सांगायचं, असा नियम आला. मेकॅनिक लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत म्हणायचे, "बरं वाटतंय." एकाची म्हैस व्याली होती, तो एक दिवस मनापासून बोलला, आणि साहेबांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मेजरची पाळी आली की ते सावधान उभे राहून म्हणायचे, "ड्यूटीवर हाय." साहेब मान हलवून म्हणायचे, "छान. पण आतून?" मेजर थोडा विचार करून म्हणायचे, "आतून बी ड्यूटीवर हाय."

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमध्ये पाने, जॅक, कॉम्प्रेसर सगळं धुऊनपुसून ओळीने मांडतात. झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू लावतात, आणि मोठ्या जॅकसमोर नारळ फोडतात. तो नारळ मेजर फोडायचे. असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण मेजर आदल्या दिवशी स्वतः बाजारात जाऊन चार नारळ कानाशी हलवून एक निवडायचे, आणि त्या दिवशी त्यांच्या मिशा जरा जास्तच पिळलेल्या असायच्या. हे सगळ्यांना दिसायचं. साहेबांची ती पहिलीच खंडेनवमी, त्यांना दिसायचं काही कारण नव्हतं.

साहेब म्हणाले, "दर वर्षी एकाच माणसाने का? सगळ्यांना समान संधी मिळायला हवी." चिठ्ठ्या टाकल्या. एक उचलली. नाव माझं निघालं.

मी तिथल्या तिथे म्हणणार होते की मेजरनाच फोडू द्या. पण मागून कुणीतरी पुटपुटलं, "बाया नारळ फोडत न्हाईत." हे ऐकलं आणि माझी मान वळली. फोडत नाहीत म्हणजे काय? मी पदर खोचला आणि नारळ उचलला. पहिल्या फटक्याला तो फुटला नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला हातातून सुटून ट्रॅक्टरखाली गेला. तो काढायला एक मेकॅनिक पोटावर झोपून आत शिरला. चौथ्याला फुटला आणि सगळं पाणी साहेबांच्या पॅंटवर उडालं. मेजर हाताची घडी घालून बघत होते. प्रसादाचा तुकडा त्यांनी घेतला, कपाळाला लावला आणि खिशात ठेवला. खाल्ला नाही.

त्या दिवसापासून मेजरनी साहेबांशी बोलणं बंद केलं.

माझ्यावर त्यांचा राग नव्हता. "तुमचं काय मॅडम, तुमची चिठ्ठी निघाली. चिठ्ठी कुनी काढली?" एवढंच म्हणाले. साहेबांनी पाजलेला चहा त्यांनी सोडला. सकाळी गोल करून उभे राहायचे, "ड्यूटीवर हाय" म्हणायचे, पण ते साहेबांकडे न बघता कॉम्प्रेसरकडे बघून. साहेबांना एखादी गोष्ट सांगायची असली की माझ्या टेबलापाशी यायचे. साहेबांची केबिन माझ्या टेबलापासून हाताच्या अंतरावर, मध्ये नुसती काच, आणि दार सदा उघडं.

"मॅडम, साहेबांना सांगा, क्लचप्लेट आली न्हाई."

आतून साहेब म्हणायचे, "मॅडम, मेजरना सांगा, उद्या येईल."

"मॅडम, साहेबांना सांगा, काल बी उद्याच म्हनले हुते."

मी आधी प्रत्येक निरोप खरोखरच पोचवायचे. मान इकडे वळवायची, बोलायचं, मान तिकडे वळवायची, बोलायचं. नंतर मानेचा त्रास सुरू झाला, तेव्हा नुसतं "हं" म्हणू लागले. त्यांना तेवढं पुरायचं. मध्ये कुणीतरी बसलेलं असणं महत्त्वाचं होतं, बोलणं दोघांनाही ऐकू येतच होतं.

मी एकदा साहेबांना सरळ विचारलं, "तुम्ही रागावलाय का मेजरवर?"

"छे. मी रागावलेलो नाही, मॅडम. मला फक्त वाईट वाटलंय," साहेब म्हणाले. "त्यांच्या मनात काहीतरी चाललंय. मी त्यांना स्पेस देतोय."

"त्यांना नारळाचं लागलंय."

"तेवढ्यावरून? इतका मोठा माणूस? नाही, नाही. काहीतरी खोल असणार." आणि झाडाला पाणी घालायला लागले.

मी मेजरना म्हणाले, "साहेबांना खरंच माहीत नव्हतं हो." मेजर म्हणाले, "म्हाईत न्हाई, तर इचारायचं असतंय." तो विषय तिथंच संपला.

गंमत म्हणजे दोघांचंही एकमेकांवाचून भागत नव्हतं. दिवाळीत मेजरनी घरचा चिवडा एका मोठ्या डब्यात आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला. "तुमाला आनलाय. ह्यातला कुनाला द्यायचा आन कुनाला न्हाई, ते तुमी बघा." एवढं बोलून ते काचेतून आत बघत उभे राहिले. मी अर्धा डबा साहेबांना नेऊन दिला. साहेबांनी चाखला, डोळे मिटले आणि म्हणाले, "मॅडम, ज्यांनी केलाय त्यांना सांगा, फार छान झालाय." मेजर वळून वर्कशॉपकडे गेले. चाल बरीच हलकी झाली होती. मला वाटलं, आता संपलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा "मॅडम, साहेबांना सांगा."

दिवाळीनंतर साहेबांनी महाबळेश्वरच्या त्या ट्रेनरबाईंना शाखेत बोलावलं. बाईंनी सगळ्यांना एक चाचणी दिली. प्रश्न वाचायचा आणि उत्तरावर खूण करायची. 'रागावल्यावर तुम्ही काय करता?' या प्रश्नाला चार पर्याय होते. मेजरनी चारही खोडून खाली 'ड्यूटी' असं लिहिलं. मग बाईंनी माणसांचे चार प्रकार सांगितले: पृथ्वी, अग्नी, वायू आणि जल. मेजर अग्नी निघाले. साहेब वायू निघाले आणि त्यांना ते आवडलं नाही. आणि सगळ्या शाखेत एकटी मी जल निघाले. बाई म्हणाल्या, "यांच्याकडून शिका. कुठल्याही भांड्यात घाला, त्या भांड्याचा आकार घेतात. इमोशनल इंटेलिजन्स म्हणतात तो हाच." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेजर माझ्या कानाशी म्हणाले, "तुमाला पानी म्हनाल्या का वो त्या?"

मी हसले. चाचणीत मी खोट्या खुणा केल्या होत्या. 'वरिष्ठांचा राग आला तर?' याला मी 'शांतपणे चर्चा करते' यावर खूण केली. खरं उत्तर असं होतं, की खोलीवर जाऊन कणीक इतकी तिंबते की मास्तरीणबाई खालून विचारतात, वर काही सांडलं का?

त्याच आठवड्यात साताऱ्याहून बातमी आली. तिथल्या ऑफिसातल्या वयस्कर बाई निवृत्त होत होत्या. जागा माझीच होती. मालक फोनवर म्हणाले, "ये की. फक्त तुझ्या साहेबांनी सोडलं पाहिजे."

मी तशीच केबिनमध्ये गेले. साहेबांनी ऐकून घेतलं. ऐकून घ्यायला ते महाबळेश्वरला शिकलेच होते. डोळ्यांत बघत, मान हलवत, मध्ये न बोलता ऐकलं. आणि मग म्हणाले, "मला तुमच्या भावना कळतात, मॅडम. पण तुम्ही गेलात तर मेजर आणि मी बोलणार कसे?"

"तोंडाने," मी म्हणाले. पण जलासारखं म्हणाले, त्यामुळे त्यांना लागलं नाही.

"अजून वेळ आलेली नाही," ते म्हणाले. "जूनपर्यंत बघू."

जूनमध्ये मुलगी दहावीत जाणार. मग ती पुस्तकात डोकं घालणार, आणि डोकं वर काढेल ते पुण्यात. मी बाहेर येऊन टेबलापाशी बसले. मेजर आले. "मॅडम, साहेबांना सांगा, ग्रीस संपलंय." मी म्हणाले, "हं." त्या संध्याकाळी मी चार माणसांना पुरेल एवढी कणीक तिंबली आणि एकटीने पोळ्या खाल्ल्या.

डिसेंबरात मुलीच्या शाळेचं गॅदरिंग होतं. ते शनिवारी होतं, दुपारी तीन वाजता, आणि सूत्रसंचालन तिच्याकडे होतं. हे मला सासूबाईंकडून कळलं. पण येण्याचं मात्र तिने स्वतः विचारलं. फोनवर "हं" आणि "बघू"च्या मध्ये एकदम म्हणाली, "येशील का?" मी म्हणाले, "येणार म्हणजे येणार." ती म्हणाली, "हं." मी आठ दिवस आधी अर्ध्या दिवसाची रजा सांगून ठेवली. साडेअकराच्या एसटीने निघायचं होतं.

त्या शनिवारी वाळव्याकडचं एक ऊस पिकवणारं घर नवा ट्रॅक्टर न्यायला आलं. दोन गाड्या भरून माणसं, बायका, पेढे, हार, आणि फेटा बांधलेले आजोबा. पावणेबाराचा मुहूर्त. सगळं तयार होतं. फक्त आजोबांनी ट्रॅक्टरकडे बघून विचारलं, "आन छत कुठाय? डोक्यावर ऊन लागतंय म्हनून छत पायजे असं सायबाला सांगितलं हुतं."

छत बसवायचं साहेबांनी कबूल केलं होतं. ते वर्कशॉपला सांगायला मात्र विसरले होते, कारण मी आदल्या दिवशी बॅंकेत गेले होते आणि निरोप सांगायला टेबलापाशी कुणी नव्हतं.

"मॅडम, मेजरना सांगा, छत बसवायला."

मी अंगण ओलांडून वर्कशॉपमध्ये गेले. मेजर म्हणाले, "साहेबांना इचारा, ही आर्डर हाय का इनंती?"

मी अंगण ओलांडून परत आले. साहेब म्हणाले, "सांगा, विनंती आहे."

मी गेले. मेजर म्हणाले, "इनंती असंल तर इचार करतो."

मी आले. साहेबांनी ओठ आवळले. "मग सांगा, ऑर्डर आहे."

मी गेले. मेजर म्हणाले, "आर्डर असंल तर देनाऱ्यानं सोता हितं यावं. फौजेत आर्डर टपालानं येत न्हाई."

साडेअकराची एसटी गेली. ती निघून गेली हे मला घड्याळाकडे न बघताच कळलं. माझ्या फेऱ्या वाळव्याच्या बायका मोजत होत्या. एक म्हणाली, "ह्या बाई सारक्या का पळत्यात?" आजोबा पेढ्याचा पुडा मांडीवर घेऊन बसले होते. ते म्हणाले, "दोगांचं बोलनं न्हाई, दिसतंय. आमच्या भावकीत बी असंच हाय. आमी मधी सुनंला ठेवतो."

आणि मी अंगणाच्या बरोबर मध्यावर उभी राहिले. साहेब केबिनच्या दारात, मेजर वर्कशॉपच्या दारात. दोघंही माझ्याकडे बघत होते, आता ही कुणीकडे वळते म्हणून.

"बास झालं," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण सांगलीत तो कुणी ऐकलेला नव्हता. "आता मी कुनाला काय सांगनार न्हाई. साहेब, ह्यो मानूस नारळावरनं रुसलाय. त्येच्या मनात दुसरं खोल काय बी न्हाई. लग्नात मामा रुसला तर त्येला स्पेस देत न्हाईत, हाताला धरून मांडवात आनत्यात. आन मेजर, तुमी. बर्फात गाड्या दुरुस्त केल्या म्हनून सांगता, आन एका नारळापायी दसऱ्यापासनं तोंड फुगवून बसलाय. पोतंभर नारळ आनून देते, बसा फोडत दिसभर. माझी पोरगी तिकडं स्टेजवर हुबी ऱ्हानार हाय. दोन वर्सांत तिनं मला एकदा 'येशील का' म्हनून इचारलं, आन मी हितं तुमचं निरोप वाहत्ये. मी पानी न्हाई. मी मानूस हाय."

एवढं म्हणून मी रडायला लागले. मला रडायचं नव्हतं, अजून बरंच बोलायचं होतं.

मग मेजर वर्कशॉपच्या पायरीवरून खाली उतरले आणि साहेबांकडे बघून म्हणाले, "साहेब, जीप कुठाय?"

"गेटपाशी," साहेब म्हणाले. "किल्ली तुमच्याकडेच आहे, मेजर."

"हाय की." मेजरनी खिसा चाचपला. "चला मग. तुमी बी चला."

छत दुसरे मेकॅनिक बसवतील असं ठरलं. आजोबा म्हणाले, "मुहूर्ताचं आमी बघतो, तुमी लेकीला गाठा," आणि माझ्या हातात चार पेढे कोंबले.

सर्व्हिसची जीप, पुढे ते दोघं आणि मागे पान्यांच्या पेटीशेजारी मी. पेठ नाका आला. मग साहेब म्हणाले, "मेजर, मला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही एकदा सांगायचं तरी."

मेजरनी गिअर बदलला. "मान मागून घेत्यात व्हय, साहेब?"

साहेबांनी बाहेरच्या उसाकडे बघितलं. मग म्हणाले, "मी रोज सकाळी विचारत होतो ना, कसं वाटतंय म्हणून."

"रोज इचारल्यावर खरं कोन सांगंल?"

आणि मग जे दोघं बोलायला लागले ते थांबेनात. दसऱ्यापासूनचं सगळं तुंबलेलं होतं. क्लचप्लेट, ग्रीस, पॅंटवर उडालेलं पाणी, चिवड्यात शेंगदाणे कमी होते ते. कऱ्हाडला कुठल्या रस्त्याने बाहेर पडायचं यावरून तर कडाक्याचं भांडण झालं, आणि त्या नादात ते चुकीच्या रस्त्याने थेट पाटणला पोचले. परत फिरून कऱ्हाडला आले तर साहेब म्हणाले, "मेजर, चहा घेऊ." आणि मेजर साहेबांच्या पैशाचा चहा प्यायला उतरले. मी उतरले नाही. मागे बसून घड्याळाकडे बघत पेढे खात होते. तीन महिने मी ज्याची वाट बघितली ते समोर घडत होतं, आणि त्या दोघांना टपरीवरच सोडून जीप आपण हाकावी असं मला वाटत होतं.

साताऱ्यात शाळेच्या मैदानात पोचलो तेव्हा माणसं खुर्च्या एकात एक घालत होती. माझा नवरा स्कूटर आणायला गेला होता. स्टेजच्या पायरीवर सासूबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी माझी मुलगी. तिने माझा लग्नातला शालू नेसला होता. न विचारता कपाटातून काढलेला, जागोजागी टाचण्या लावलेला. त्यात ती मोठी दिसत होती. तिने मला बघितलं. मागे उभ्या असलेल्या, ग्रीसचा वास येणाऱ्या दोन पुरुषांनाही बघितलं. मग मान वळवून म्हणाली, "आजी, हिला सांग, कार्यक्रम संपला."

मी तिथेच उभी राहिले. साहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बहुतेक महाबळेश्वरचंच. मेजरनी त्यांची बाही ओढली. "चला साहेब," ते हळू आवाजात म्हणाले. "हितं आपलं काम न्हाई."

सोमवारी साहेबांनी स्वतःहून मालकांना फोन केला आणि सांगितलं, मॅडमना सोडतो, आमचं आता डायरेक्ट आहे. निरोपाच्या कार्यक्रमात मला नारळ कुणी द्यायचा यावरून त्या दोघांचं पुन्हा वाजलं, पण ते समोरासमोर. शेवटी दोघांनी मिळून दिला. भाषणात साहेब म्हणाले, मॅडम म्हणजे आमचं जल. वर्कशॉपमधून कुणीतरी म्हणालं, "उकळलेलं." साहेबच सगळ्यांत जास्त हसले.

मी घरी आले. आणि घरात माझ्या मुलीचा अबोला तसाच होता. "आजी, तिला सांग, माझ्या कप्प्याला हात लावू नको." "आजी, तिला सांग, मी डबा नेणार नाही." मी आवडीचं केलं, गोड बोलले, तिच्या शेजारी नुसती बसून राहिले. दोन रुसलेल्या पुरुषांना तीन महिने सांभाळलेली बाई मी, पण एका पोरीपुढे माझी काही मात्रा चालेना. नवरा म्हणाला, "तिला जरा स्पेस दे." मी त्याच्याकडे जे बघितलं, त्यानंतर हा शब्द आमच्या घरात पुन्हा निघालेला नाही.

एका रविवारी दुपारी आम्ही ताटं वाढून घेतली होती. मुलगी म्हणाली, "आजी, तिला सांग—"

सासूबाईंनी घास खाली ठेवला. "मी न्हाई बाई सांगनार. वरीसभर सांगत्ये, माझं तोंड दुखलं. ती हितंच बसलीया. तुझं तू सांग."

मुलीने माझ्याकडे बघितलं आणि जी सुरू झाली, ती ताटातली आमटी गार होईपर्यंत थांबली नाही. मी शनिवारी यायचे आणि रविवारी सगळं घर धूत बसायचे. मी तिच्या मैत्रिणींची नावं चुकवते. शालू नेसवायला कुणी नव्हतं, आजीला टाचण्या दिसत नव्हत्या, तीन टाचण्या कमरेत टोचत होत्या आणि तशीच ती दोन तास बोलत होती. "मी तुला एकदाच विचारलं होतं, येशील का म्हणून. एकदाच. परत परत विचारायचं असतं का?"

मान मागून घेत्यात व्हय, मला आठवलं. मी म्हणाले, "बाळा, मला कळतंय तुला काय वाटलं असेल—"

"माझ्याशी त्या ऑफिसच्या आवाजात बोलू नकोस," ती ओरडली. "फोनवर दोन वर्षं तसंच बोलायचीस. मला भीती वाटायची. मला वाटायचं, तू माझ्यावर रागवतसुद्धा नाहीस आता."

हे मात्र मला फार लागलं. आणि लागल्यावर जो आवाज आला तो माझा होता. मी म्हणाले, न विचारता कपाट उघडायला कुणी सांगितलं, शालूला ग्रीससारखे डाग पाडलेस, सात वेळा धुतला तरी निघत नाहीत, आणि कमरेत टाचण्या टोचत होत्या तर कुणाला सांगायला तोंड नव्हतं का? ती म्हणाली, कुणाला सांगू, तू होतीस का? मी म्हणाले, नव्हते, आणि तिथे बसून रोज कणीक तिंबत होते. ती म्हणाली, कसली कणीक? शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. सासूबाई ताटावरून उठून खुर्ची ओढून बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही. ती माझ्याशी भांडत होती. माझ्याशी.

मग ती थांबली. घास घेतला, चावला, आणि तोंड वाकडं करून सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "भाजीत मीठ जास्त झालंय."

"खा गप," मी म्हणाले, आणि तिच्या ताटात अजून एक पोळी वाढली.